थोरली तीनला, धाकटी बाराला

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकदाच केलेली नाही. हे मी जावई म्हणून कुरकुरत सांगत नाही, आणि अतिशयोक्ती तर मुळीच करत नाही. डहाणूपासून तलासरीपर्यंत विजेच्या खांबावर चढलेल्या कुणालाही विचारा. मामा दार वाजवतात ते तीनदा. पहिली थाप खणखणीत, दुसरी जरा नरम, आणि तिसरी इतकी हलकी की तोवर आपण दार उघडून त्यांच्यासमोर उभे असतो, तरी ते ती मारून घेतात. फोन करतात तेव्हा पहिला निरोप सांगायला, दुसरा तो निरोप नीट कळला का हे विचारायला, आणि तिसरा नुसताच ‘बरं मग, ठेवतो’ म्हणायला. आमच्या घरून निघताना फाटकापर्यंत जाऊन एकदा परत येतात, कोपऱ्यापर्यंत जाऊन आणखी एकदा परत येतात, आणि मग वळणापलीकडून नुसता स्कूटरचा हॉर्न ऐकू येतो. तो हॉर्न वाजेपर्यंत माझी बायको चहाचे कप उचलत नाही.

ह्या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मामा वीज खात्यात लाइनमन होते. फ्यूज काढून खांबाकडे निघायचे, अर्ध्या वाटेतून परत जाऊन तो खरंच काढलाय का हे बघायचे, आणि खांबावर चढल्यावर खालच्या मदतनिसाला पुन्हा एकदा बघून यायला पिटाळायचे. त्यांच्या हद्दीतले लोक म्हणत, मामा आले की वीज उशिरा येते, पण आली की टिकते. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, की मामा, एकदा बघितलेलं पुरत नाही का? तर शांतपणे म्हणाले, “आमच्या खात्यात एकदाच बघणाऱ्याला पेन्शन मिळत नाय, जावईबापू. त्याच्या बायकोला मिळते.” 

पण मामांच्या डोक्यात काहीतरी निराळं चाललेलं असतं, हे मला खरं तर माझ्या लग्नातच कळायला हवं होतं. मांडवाची रोषणाई त्यांच्याकडे होती. त्यांनी प्रवेशदारावर उघडझाप करणाऱ्या दिव्यांच्या दोन माळा सोडल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. अक्षता पडल्या, बँड थांबला, पंगत बसली, तरी मामा आपले दारात मान वर करून उभे. काही बिघाड झाला असेल म्हणून नवरदेव असूनही मी जवळ गेलो. “बघा जावईबापू,” ते कुजबुजले, “लाल तिच्या चालीनं चाललीय, हिरवी तिच्या. पण दोघींच्या मधून तिसरंच कायतरी पळतंय. दिसतंय ना?” मला काही दिसत नव्हतं, मला भूक लागली होती. पण नव्या जावयानं नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी ‘हो’ म्हटलं. त्या एका ‘हो’पायी गेली अठरा वर्षं मामा मला जाणकार समजतात.

गिटार त्यांच्याकडे आली ती अच्छाडला. त्या काळी त्यांची बदली तलासरीला होती, आणि हायवेवरच्या एका ढाब्यावर ते रात्रपाळीच्या आधी जेवत बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रकचे दिवे लागेनात. मामांनी जेवण अर्धं टाकून बॉनेटखाली डोकं घातलं आणि वायर जोडून दिली. ड्रायव्हर कुठला तरी लांब दक्षिणेतला. त्याची भाषा ह्यांना कळेना, ह्यांची त्याला. त्यानं खुशीनं केबिनमधून गिटार काढली आणि मामांच्या हातात ठेवली. मामांना वाटलं, ही पण दुरुस्तीलाच दिलीय. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, भोकातून आत टॉर्च मारला, कुठं वायर दिसेना, फ्यूज दिसेना. ‘भाई, ह्यात आमचं काय काम नाय’ असं सांगायला मान वर करतात, तो ट्रक सीमेवरचा नाका ओलांडून गुजरातेत गेलेला. मग दोन महिने त्यांनी ती ढाब्यावरच ठेवली, मालक परत आला तर मिळावी म्हणून. तो आला नाही, आणि मामा रोज जेवायला जाऊन तिच्याकडे बघता बघता एक दिवस वाजवायला लागले. सहापैकी एक तार तुटलेली होती. तारेच्या बाबतीत लाइनमनला कोण शिकवणार? मामांनी केबलमधली एक बारीक तार ताणून बसवली, आणि ती बाकीच्या पाचांपेक्षा जास्त टिकली.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी वापीला जाऊन रीतसर इलेक्ट्रिक गिटार आणली, आणि तिच्याबरोबर एक डबा. साबणाच्या मोठ्या वडीएवढा लोखंडी डबा, पायानं दाबायचा, अंगावर तीन फिरती बटणं. त्याला डिले म्हणतात. गिटारीतून आलेला आवाज तो पोटात ठेवतो आणि थोड्या वेळानं परत बाहेर काढतो, मग जरा हळू परत काढतो, मग आणखी हळू. किती वेळानं काढायचा ते एका बटणावर, किती वेळा काढायचा ते दुसऱ्यावर, किती मोठ्यानं ते तिसऱ्यावर. दुकानदारानं तो वाजवून दाखवला तेव्हा मामा खुर्चीतून उठले आणि मामींना म्हणाले, “हा तर आपल्याच घरातला.” मामी म्हणाल्या, “घरात एक हाय तेवढा पुरे.” पण मामा एकावर कसले थांबतात! सहा महिन्यांनी बोईसरच्या एका ऑर्केस्ट्रातला गिटारवाला वाजवणं सोडून दुबईला निघाला, त्याच्याकडून त्यांनी दुसरा डबा आणला, आणि दोन्ही एकापुढे एक जोडले. आता एकदा तार छेडली की पहिला डबा तो आवाज परत म्हणायचा, आणि पहिल्याचं प्रत्येक म्हणणं दुसरा डबा आपल्या वेगळ्या वेळानं पुन्हा म्हणायचा. मामा एक टोला देणार, आणि त्यातून आठ-दहा टोल्यांची एक चाल तयार होऊन खोलीभर पळत सुटणार. लग्नातल्या त्या लाल-हिरव्या माळांमधून काय पळत होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

मामांनी ह्या डब्यांची नावं ठेवली, थोरली आणि धाकटी. गिटारीची वायर आधी थोरलीत, थोरलीतून धाकटीत, धाकटीतून स्पीकरमध्ये, ह्यात कधी बदल नाही. वापीच्या दुकानदारानं फोनवर समजावलं, की काका, अदलाबदल केली तरी फार फरक पडत नाही. मामा म्हणाले, “आवाजाला नसेल पडत. पण धाकटीला आधी बसवलं तर मान राहणार नाय.” बटणं कुठं ठेवायची हे लक्षात राहावं म्हणून घड्याळाच्या काट्यांची खूण धरून ते चिठ्ठी लिहीत आणि फ्रिजवर चिकटवत. ‘थोरली तीनला, धाकटी बाराला.’ वापीहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी ती वाचली, आणि दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा इतक्या प्रेमानं सांभाळणारं घर आपण पाहिलं नाही, असं सगळ्या नात्यात सांगत सुटल्या.

नावं कुठून आली ते मला बऱ्याच उशिरा समजलं. आम्ही कैनाडला त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणाच्या कोपऱ्यात एक दगडी उखळ आहे. त्यात आता कोंबड्यांसाठी पाणी भरून ठेवतात. मामा त्या उखळाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मी लहान व्हतो तवा इकडं गिरणी नव्हती, जावईबापू. आई आन् काकी, दोघी जावा, ह्याच उखळात समोरासमोर उभ्या राहून भात कांडायच्या. एकीचं मुसळ वर, तवा दुसरीचं खाली. मी ओट्यावर झोपलेला असायचो, त्या आवाजानं उठायचो. घरात घड्याळ नव्हतं, त्या दोघीच घड्याळ. पण ते नुसतं ठक ठक नव्हतं. त्यात कायतरी लंगडत व्हतं. काय लंगडत व्हतं ते माझ्या पायाला माहीत हाय, डोक्याला नाय.” एवढं बोलून त्यांनी पायानं जमिनीवर ताल धरला, दोन ठोके बरे आले, तिसऱ्याला पाय अडखळला आणि ते हसले.

थोरली म्हणजे त्यांची आई, दोन वर्षांपूर्वी गेली. धाकटी म्हणजे काकी, आता पंच्याऐंशीच्या घरात. दोघींनी सगळा जन्म एका चुलीवर काढला होता. मामा ते कांडप डब्यांतून परत काढू बघत होते आणि ते बरोबर निघालं की नाही हे सांगणारं माणूस जगात एकच उरलं होतं, काकी. आणि काकींना विसर पडायला लागला होता. आधी वार गेले, मग नातवंडांची नावं गेली. मला त्या तलाठी समजतात. मी ओट्यावर पाय ठेवला की, “तलाठी आला गं, पाणी द्या,” असं आत ओरडून सांगतात, आणि मग खालच्या खाचराच्या बांधाची जुनी तक्रार सगळी पहिल्यापासून ऐकवतात. मी पण आता ‘बघतो हां काकी, मोजणी लावतो’ असं बेधडक सांगतो. आज मी तलाठी आहे. उद्या कांडपही असंच भलतं काहीतरी झालं तर विचारायचं कुणाला, ह्या धास्तीनं मामांना घेरलं होतं. जन्मभर एकेक फ्यूज तीन-तीनदा बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच घाई झाली होती.

उखळ आहे, मुसळं आहेत, मग दोन बायका उभ्या करा आणि कांडायला लावा, हे मी सुचवून पाहिलं. ते त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. मामी आणि शेजारीण मुसळं घेऊन उभ्या राहिल्या. चार टोले झाले, पाचव्याला मुसळावर मुसळ आपटलं, सहावा शेजारणीच्या अंगठ्यावर बसला आणि दोघी हसून हसून खाली बसल्या. “पुन्हा कांडीन मी,” मामी मला म्हणाल्या, “पण आधी तिचा पाय बरा होऊ दे.” मामा म्हणाले, “जित्या बायका ऐकत नायत, डबे ऐकतात.” हे ते मामींच्या पाठीमागे म्हणाले.

तेव्हापासून त्यांचा मुक्काम माझ्या दुकानात हलला. डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कैनाडला दुपारी व्होल्टेज पडतं आणि डबे रुसतात, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं त्याच भागात वीज पुरवलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मला फार आवडायचं. आठवड्यातून दोनदा ते चिकूच्या क्रेटमध्ये दोन्ही डबे, वायरी आणि छोटा स्पीकर घालून यायचे आणि मशीनशेजारी पसारा मांडायचे. मला शांतता आवडते. दुकानात मी रेडिओसुद्धा लावत नाही. पण मामेसासऱ्यांना बाहेर व्हा म्हणायची सोय नसते. शिवाय त्यांनी माझ्या मशीनचा खर्र-टक, खर्र-टक असा आवाज ऐकून त्याच्यावर थोरलीचा वेळ बांधला, त्यामुळे सातबाराच्या प्रती जितक्या जास्त तितका त्यांचा रियाज जास्त. एकदा दाखल्याचे कागद घेऊन आलेल्या एक बाई रांगेत उभ्या राहून नकळत पायानं ठेका धरायला लागल्या. मामांनी मला कोपरानं ढोसलं. “पाय हलला! जावईबापू, पाय हलला!” बाई इतक्या ओशाळल्या की मूळ कागद मशीनवरच विसरून गेल्या, आणि मला ते द्यायला रिक्षास्टँडपर्यंत धावावं लागलं.

“तुमचा धंदा आन् माझा एकच,” मामा म्हणायचे. “एकाचे दोन, दोनाचे चार.” मी म्हणायचो, “मामा, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फिकट होतं.” त्यावर ते विचारात पडत. “म्हणून तर मूळ कागद पाहिजे,” असं म्हणत आणि थोड्या वेळानं तेच वाक्य आणखी एकदा, जरा हळू म्हणत.

मधे त्यांनी एक जाहीर कार्यक्रमही केला, आणि त्याबद्दल कैनाडमध्ये आजही बोलतात. गावातल्या एका हळदीला त्यांनी मांडवात वाजवायचं ठरवलं. सुरुवात झकास झाली. पोरं नाचायला लागली, म्हातारे मान डोलवायला लागले. मामा रंगात आले आणि त्यांच्याच पायाचा धक्का लागून थोरलीचं ‘किती वेळा’चं बटण शेवटाला जाऊन टेकलं. मग तिला थांबणं माहीत राहिलं नाही. ती स्वतःचंच ऐकून पुन्हा बोलायला लागली, धाकटी तिला चढ्या आवाजात दुजोरा द्यायला लागली, आणि बघता बघता त्या चालीचा असा काही घोंघाट झाला की गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. सगळ्यांचे हात हळदीनं भरलेले, ते त्यांनी कानांवर ठेवले, त्यामुळे त्या लग्नाच्या फोटोंत अर्ध्या पाहुण्यांचे कान पिवळे आहेत. डबा पायानं बंद करता येतो. पण अंगात भिनलेली सवय. मामा गिटार टाकून धावले आणि त्यांनी मांडवाचा मुख्य फ्यूजच उपटला. गाणं गेलं, पंखे गेले, सरबताचा मिक्सर गेला. त्या शांततेत मामा चार पावलं परत आले, थबकले, आणि फ्यूज खरंच काढलाय का हे बघायला पुन्हा मागे गेले.

ह्या प्रकारानंतर महिनाभर त्यांनी डबे बाहेर काढले नाहीत. लोकांच्या हसण्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसले होते. पण त्याच महिन्यात एका सकाळी काकींनी त्यांना अंगणात पाहून, “तू कोण रं? कोणाकडं आलास?” असं विचारलं होतं. दुपारपर्यंत त्या पुन्हा ताळ्यावर आल्या, त्यांना नावानं हाक मारली, मामींना ‘ह्याला जेवायला वाढ’ म्हणाल्या. पण मामा जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, आणि तो एकच आला. दुसरा आला नाही, तेव्हा मी घाबरलो आणि बायकोला म्हटलं, येत्या रविवारी कैनाडला जायचं.

रविवारी पोचलो तेव्हा भात झोडून झाला होता, अंगण नुकतंच सारवलेलं होतं आणि मामांनी ओट्यासमोर क्रेट उलटा घालून त्याच्यावर थोरली-धाकटी मांडल्या होत्या. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर रिकामं सूप. “तलाठी आला गं, पाणी द्या,” त्या म्हणाल्या. मी पाणी प्यालो. मामींनी आणि माझ्या बायकोनं चौकटीत जागा धरली. मामांनी चिठ्ठी बघितली, थोरली तीनला, धाकटी बाराला, मग पुन्हा बघितली. तळहाताची कड तारांवर टेकवून त्यांनी सगळ्यांत जाड तारेवर एक टोला दिला. सूर नाही, नुसता ठक्क असा जड आवाज. थोरलीनं तो उचलला, धाकटीनं बरोबर मधोमध जबाब दिला. ठक, ठक, ठक, ठक. अगदी सरळ, मोजून मापून. माझ्या मशीनसारखं.

काकी सूप चाचपत होत्या. “बांधाचं काय केलंस, तलाठी?” त्यांनी मला विचारलं.

मामांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा काही नाही. मला मामांकडे बघवेना. कपाळावर घाम, ओठ आत ओढलेले. मला ते एकदम दहा वर्षांच्या मुलासारखे दिसले. त्यांनी तिसऱ्यांदा टोला दिला, आणि ह्या वेळी काकींचा हात सुपावर थांबला.

“कोण कांडतंय?” त्यांनी विचारलं.

टोले चालूच होते.

“धाकटी मागं राहते,” काकी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या.

मामांनी मान वर केली. “किती मागं, काकी?”

“किती म्हंजे? माझं मुसळ आखूड व्हतं ना. मी ठेंगणी. मोठीबायचं वर जाऊन यायचं तवर माझं पडून सुद्धा झालेलं असायचं. ही बघ कशी टेकत टेकत येते. आजारी हाय का?”

मोठीबाय म्हणजे मामांची आई. मामांनी वाकून धाकटीचं वेळेचं बटण धरलं आणि आवाज चालू असतानाच मागं फिरवायला लागले. आवाज जरा वेडावाकडा ओढला गेला, मग सावरला. धाकटीचा टोला थोरलीच्या मागोमाग सरकायला लागला. काकींनी हात वर केला होता, आपण रिक्षाला मागे घेताना धरतो तसा. “अजून,” त्या म्हणाल्या. “अजून ये. अजून. अगं, भिऊ नको, ती तुझ्या हातावर नाय मारत.” आणि मग एकदम मूठ मिटली. “हां! आता भात फुटेल.”

ठक-ठक, आणि जराशी फट. ठक-ठक, आणि जराशी फट. एक पाय आखूड असल्यासारखी ती चाल अंगणातून लंगडत, नाचत निघाली. मामांचा पाय आपोआप जमिनीवर पडायला लागला आणि तिसऱ्या ठोक्याला अडखळला नाही. काकी सूप पाखडत होत्या. रिकामं सूप, पण फट आली की झटका, फट आली की झटका. माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता. आणि शांतता आवडणारा मी, हे थांबू नये असं मनापासून म्हणत होतो.

पण डबेच ते, आवाज हळूहळू विरत गेला. काकींचा हात थांबला. “का गं थांबली मोठीबाय?” त्यांनी विचारलं.

मामांनी हातातल्या गिटारीकडे पाहिलं, मग काकींकडे. “थांबली नाय, काकी,” ते म्हणाले. “हात बदलत्ये.” आणि त्यांनी पुढचा टोला दिला.

“बदलू दे,” काकी म्हणाल्या. “दमते ती. सांगत नाय कधी.”

त्या दिवशी धाकटीचं बटण अकरावर येऊन थांबलं होतं. मामींनी आपली नेलपॉलिशची बाटली आणून तिथं स्वतःच्या हातानं लाल ठिपका दिला, म्हणजे आता हरवायला नको. जाताना मामांनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं, मग कोपऱ्यापर्यंत सोडलं, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचे तीन फोन येऊन गेले होते.

ह्यालाही आता चार-पाच महिने झाले. परवा कैनाडला गेलो, तर फ्रिजवर चिठ्ठी तीच जुनी. थोरली तीनला, धाकटी बाराला. मी मामींना म्हटलं, ही बदलायची राहिली वाटतं. त्या नुसत्या हसल्या आणि अंगणाकडे बोट दाखवलं. दुपारची जेवणं झाली होती. मामांनी क्रेट मांडला, धाकटी अकराच्या लाल ठिपक्यावर लावली, हळू आवाजात दोन टोले ऐकले, समाधानानं मान हलवली. आणि मग काकींना बाहेर आणायच्या आधी त्यांनी बटण धरून ते परत बारावर नेऊन ठेवलं.

काकी येऊन बसल्या. मामांनी टोला दिला. सरळ, मोजून मापून, ठक, ठक, ठक, ठक. थोड्या वेळानं काकींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“धाकटी मागं राहते,” त्या म्हणाल्या.

“किती मागं, काकी?” मामांनी विचारलं, जसं काही जन्मात पहिल्यांदाच विचारतायत. आणि काकींनी हात वर केला, अजून म्हणाल्या, अजून ये म्हणाल्या, भिऊ नको म्हणाल्या, आणि मूठ मिटली. त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता की मघाशी त्यांनी मामांचं नाव विचारलं होतं, हे खरं वाटू नये. हे रोज दुपारी चालतं, असं मामी मागाहून म्हणाल्या. काकींना आदल्या दिवशीचं काही आठवत नाही. धाकटीला वळणावर आणायचं काम रोज त्यांच्याच हातून होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.  मी निघालो, फाटकापर्यंत गेलो, आणि काही विसरलेलं नसताना परत आलो.

“तलाठी परत आला,” काकी म्हणाल्या. “पाणी द्या त्याला.”

मी पाणी प्यालो आणि ओट्यावर बसलो.